कुत्र्यामांजरांचे जुलाब आणि घाईने दिलेली गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या कुत्र्याला एकाएकी जुलाब सुरू झाले की पुष्कळ घरांत पहिली आठवण होते ती मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळीची. माणसांसाठी आणलेल्या पाकिटातला तुकडा पोळीत दडवून दिला जातो, चार-पाच दिवसांत शी घट्ट होते आणि गोळीनेच गुण आला अशी सर्वांची खात्री पटते. पशुवैद्यकांच्या दवाखान्यांतही जगभर वर्षानुवर्षे हीच रीत होती. अलीकडच्या संशोधनाने ही समजूत कसून तपासली आहे, आणि त्यातून जे हाती आले ते प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडावे, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. मोठ्या आतड्याला अचानक सूज येऊन जुलाब लागलेली ५९ पाळीव कुत्री त्यांनी तीन गटांत विभागली. पहिल्या गटाला पचायला हलका आहार आणि औषध नसलेली नकली गोळी, दुसऱ्याला तोच आहार आणि मेट्रोनिडाझोल, तर तिसऱ्याला इसबगोलाचा तंतू मिसळलेला हलका आहार आणि नकली गोळी. पहिल्या व तिसऱ्या गटातील कुत्री साधारण ५ दिवसांत बरी झाली. मेट्रोनिडाझोल मिळालेल्या गटाला मात्र साडेआठ दिवस लागले. म्हणजे ज्या गोळीला आपण श्रेय देत होतो, तिच्याशिवाय कुत्री लवकर सावरली.

असे का व्हावे, याचे उत्तर आतड्यातील जिवाणूंच्या वस्तीत शोधावे लागते. यकृतात तयार होणारे पित्ताम्ल आतड्यात उतरते, आणि तिथे काही मोजके जिवाणू त्याचे रूप पालटतात. कुत्र्यांत हे काम मुख्यतः क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस नावाचा जिवाणू करतो. रूप पालटलेले हे पित्ताम्ल उपद्रवी जिवाणूंना फोफावू देत नाही, म्हणून हा एक जिवाणू नाहीसा झाला तरी साऱ्या वस्तीचा तोल जातो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या पचनसंस्था प्रयोगशाळेने तर विष्ठेतील अशा निवडक जिवाणूंचे प्रमाण मोजून हा बिघाड आकड्यात मांडणारी तपासणीच विकसित केली आहे. तिथल्याच संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की पूर्ण निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे मेट्रोनिडाझोल दिले तर जिवाणूंची विविधता घटते आणि औषध थांबवून चार आठवडे उलटल्यावरही ती पूर्ववत होत नाही. शिवाय हे औषध प्रमाणाबाहेर गेले तर कुत्र्याचा तोल जातो, डोळे थरथरतात, ही गोष्ट पशुवैद्यकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. २०२४ साली युरोपीय तज्ज्ञांच्या एका गटाने उपलब्ध पुरावे तपासून सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या अचानक लागलेल्या जुलाबांत कुत्र्यांना प्रतिजैविके देऊ नयेत, अशी शिफारस केली, ती याच वाटेने.

त्या चाचणीतला इसबगोल आपल्याला परका नाही. गुजरात आणि राजस्थानात पिकणारा हा भुसा आपल्या घरांत माणसांच्या पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो. तो पाणी धरून ठेवतो, विष्ठेला आकार देतो, आणि त्याचा काही भाग जिवाणूंकडून आंबवला जाऊन आतड्याच्या अस्तराचे पोषण करतो. कुत्र्याला द्यायचा असेल तर साधा, चव वा गोडी न घातलेला घ्यावा, भरपूर पाण्यात भिजवून अन्नात मिसळावा आणि मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. सोबत कांदा-लसूण-मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी आणि मऊ भात थोडा थोडा, दिवसातून चार-पाच वेळा द्यावा. दूध आणि बिस्किटे मात्र या काळात कटाक्षाने टाळावीत.

हे सारे लागू आहे ते खेळत्या, पाणी पिणाऱ्या, मोठ्या कुत्र्याला. लस न घेतलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब होत असतील, तर एक तासही थांबू नये. पार्वो हा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही पिल्लांचा बळी घेतो. तो आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशीही घटवतो. त्यामुळे तिथे सलाइनसोबत प्रतिजैविके खरोखरच लागतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसीकरण सुरू करून किमान सोळा आठवड्यांपर्यंतच्या सर्व मात्रा पूर्ण करणे, हाच त्यावरचा भरवशाचा उपाय आहे.

मांजराचे शरीरशास्त्र वेगळे आहे. मांजर म्हणजे लहान कुत्रा, असे धरून चालणाऱ्यांच्या हातून त्याचे फार नुकसान होते. बी-१२ हे जीवनसत्त्व आतड्यात शोषले जाण्यासाठी एक खास प्रथिन लागते. कुत्र्यांत ते स्वादुपिंड आणि जठर दोन्ही तयार करतात, मांजरात मात्र फक्त स्वादुपिंड. त्यामुळे स्वादुपिंडाचा किंवा आतड्याचा आजार रेंगाळला की मांजरात बी-१२ची कमतरता सहज निर्माण होते, आणि ती भरून काढल्याशिवाय इतर उपचारांना यश येत नाही. आठवडे उलटूनही जुलाब किंवा वजन घटणे थांबत नसेल, तर रक्तातील बी-१२ तपासण्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. पोटाला विश्रांती म्हणून मांजराला उपाशी ठेवणे तर मुळीच करू नये, कारण अन्न बंद झाले की त्याच्या अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, जिवावर बेतते. मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही तर डॉक्टरांना कळवावे. दुसऱ्या दिवशीही ते खात नसेल, तर शीचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन दवाखाना गाठावा आणि घरी कोणतीही गोळी दिली असल्यास तिचे नाव न संकोचता सांगावे.