वीस मिलिसेकंदांचा फरक

मनगटावर बोटे ठेवून आपण नाडी पाहतो, तेव्हा बोटांना जाणवतो तो रक्ताचा प्रवाह नव्हे. हृदयाने रक्त महाधमनीत ढकलले की तिची भिंत फुगते आणि तो फुगवटा लाट होऊन धमन्यांमधून पुढे धावतो; रक्त त्याच्या कितीतरी मागे, संथपणे येत असते. भिंत लवचीक असेल तर ही लाटही सावकाश जाते. वयोमानाने, उच्च रक्तदाबाने किंवा मधुमेहाने भिंतीला लवचीक ठेवणारे इलॅस्टिनचे तंतू झिजले, ताठर कोलॅजेन वाढले आणि कॅल्शियम साचू लागले, की लाटेचा वेग वाढतो. सुई न टोचता किंवा नळी न घालता धमन्यांचा ताठरपणा मोजायचा, तर या वेगासारखी सोयीची खूण दुसरी नाही.

नाडीची लहर कागदावर उमटवणारे यंत्र १८६० मध्ये पॅरिसचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांनी बनवले. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील फ्रेडरिक अकबर महंमद यांनी ते सुधारले आणि रक्तदाब मोजणारा दंडावरचा पट्टा अस्तित्वात येण्याच्या वीसेक वर्षे आधी, केवळ लहरीच्या आकारावरून वाढलेला दाब ओळखला. पाटण्याहून इंग्लंडात गेलेल्या शेख दीन महंमद यांचे हे नातू. पुढे १८७८ मध्ये मून्स आणि कोर्टेवेख या डच संशोधकांनी वेग आणि ताठरपणा यांचे गणित मांडले: भिंत चौपट ताठर झाली, बाकी सारे तसेच राहिले, तर वेग दुप्पट होतो.

आता प्रत्यक्ष तपासणी पाहू. रुग्ण दहा मिनिटे शांत पडून आहे. त्याने चहा, कॉफी आणि धूम्रपान आधीपासूनच टाळलेले आहे. छातीवर ईसीजीच्या तारा आहेत. तंत्रज्ञ पेन्सिलीएवढा टोनोमीटर, म्हणजे धमनीची लहर टिपणारा संवेदक, मानेतील धमनीवर हलकेच दाबतो. दाब जास्त झाला तर धमनीच मिटते, कमी पडला तर लहर उमटत नाही. ईसीजीवरील ठोक्याच्या टोकापासून लाट मानेपर्यंत पोहोचायला ८० मिलिसेकंद लागले. मग तोच टोनोमीटर जांघेत ठेवला, तेथे १४० लागले. फरक ६० मिलिसेकंदांचा.

यंत्राचे काम येथे संपते आणि टेपचे सुरू होते. मान ते जांघ हे सरळ अंतर ६० सेंटिमीटर भरले, तर २०१२ च्या तज्ज्ञ-सहमतीनुसार त्याचे ८० टक्के, म्हणजे ४८ सेंटिमीटर धरतात, आणि वेग निघतो सेकंदाला ८ मीटर. फरक ६० ऐवजी ४० मिलिसेकंदांचा असता, तर वेग १२ झाला असता. त्याच सहमतीने धोक्याची रेषा १० वर आखली आहे; म्हणजे निर्धास्त आणि चिंताजनक यांच्यामध्ये अवघे वीस मिलिसेकंद आहेत. टेप मात्र पोटाच्या घेरावरून वळवला आणि पाच सेंटिमीटर जास्त भरले, तर ८ चे जवळजवळ ८.७ होतात. लाखो रुपयांचे यंत्र आणि शिंप्याकडचा टेप यांत अधिक काळजी टेपची घ्यावी लागते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

जांघेपाशी तपासणी करून घेण्याचा संकोच अनेकांना वाटतो. जपानमध्ये रुळलेल्या पद्धतीत दोन्ही दंड आणि दोन्ही घोटे यांना पट्टे बांधून काम भागते. पण तिच्यात पायांच्या अधिक ताठर धमन्याही येत असल्याने आकडे मोठे निघतात, त्यांना १० ची रेषा लावणे चूक ठरेल. केवळ दंडावरच्या पट्ट्यातून अंदाज बांधणारी यंत्रेही आहेत. ती सोपी आहेत, पण त्यांचे उत्तर बरेचसे वय आणि रक्तदाब यांवरच बेतलेले असते. सोनोग्राफीने एकाच जागी भिंत प्रत्येक ठोक्याला किती फुगते हेही पाहता येते, मात्र ते त्या जागेपुरतेच.

आणखी एक अडचण सर्वच पद्धतींना आहे. तपासणीच्या वेळी रक्तदाब चढलेला असेल, तर भिंत ताणली जाते आणि निरोगी धमनीही ताठर भासते. म्हणून दाब त्याच वेळी मोजून अहवालात वेगाशेजारी लिहितात.

मोजणी दोनदा होते. पहिल्यांदा ७.९ आले, दुसऱ्यांदा ८.६. फरक अर्ध्या मीटरहून जास्त आहे, म्हणून तंत्रज्ञ टोनोमीटर पुन्हा मानेवर ठेवतो. तिसरा आकडा आल्यावर तिघांतला मधला अहवालात जाईल.