मंगळवार, शुक्रवार, अकरा ते एक

[दृश्य : कॉलेजचा जिना. जिन्याखालचं बंद दार. पाटी – ‘समुपदेशन कक्ष’.]

ही खोली शोधायची असेल तर आधी परीक्षा विभाग शोधायचा. हॉलतिकिटाची रांग जिथं संपते, तिथून दोन पावलांवर हे दार. दारावर कागद चिकटवलाय : मंगळवार, शुक्रवार, अकरा ते एक. नेमकी प्रॅक्टिकलची वेळ. त्यातून कुणी प्रॅक्टिकल बुडवून आलाच, तर रांगेतली अख्खी बॅच बघत असते, आत कोण गेलं ते.

मग वर्षअखेरीच्या अहवालात एक ओळ पडते – ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प.’

या कॉलेजचं नाव आम्ही सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण असं दार आपल्यापैकी बहुतेकांनी आपापल्या कॉलेजात पाहिलेलं आहे.

[दृश्य : वसतिगृह, रात्र. दोरीवर वाळत घातलेले शर्ट. एका खिडकीत दिवा.]

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले. १,७६४. यात शाळकरी मुलंही आली. प्रत्येकामागं एकच एक कारण शोधायला जाऊ नये, तसं ते नसतंच. केटी लागलेली असते, घरी सोयाबीन गेलेलं असतं, कुणीतरी जातीवरून बोललेलं असतं, आणि या सगळ्यात महिनाभर झोप नसते.

अशी मुलं बोलतात. पण त्यांचे शब्द पाटीवरचे नसतात. ‘मला नैराश्य आलंय’ असं कुणी म्हणत नाही. ‘डोकं जड झालंय.’ ‘कशात मन लागत नाही.’ ‘काय नाय रे, असंच.’ हे ‘असंच’ ऐकू यायला कान लागतात. किनवटहून किंवा धडगावहून पुण्यात आलेल्या पोरीसमोर इंग्रजीतला चार पानी फॉर्म ठेवला, की ती पहिल्याच पानावर ‘काही नाही मॅडम’ म्हणून उठते.

[दृश्य : मेस. स्टीलची ताटं, वाफाळती आमटी.]

सगळ्यात आधी कळतं ते मेसवाल्या काकूंना. कोण तीन दिवस जेवायला आलं नाही, कोण ताट तसंच ठेवून गेलं. मग रूम पार्टनरला. मग रात्रपाळीच्या वॉचमन काकांना, कारण पहाटे तीनला गच्चीच्या पायरीवर एकटं कोण बसतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. प्राध्यापकांना कळतं ते हजेरी घसरल्यावर. आणि समुपदेशकाला? मंगळवारी, अकरानंतर.

म्हणून २५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नीट वाचण्यासारखा आहे. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्यायालयानं शाळा, कॉलेजं, क्लासेस, वसतिगृहं, सगळ्यांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गात, ठळक अक्षरांत लावायचे. आणि आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती सूचना : शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं.

शिक्षकेतर म्हणजे कोण? तर वॉचमन काकासुद्धा.

[दृश्य : गोवा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा, बाकावर बसलेली माणसं.]

‘त्यांना काय कळतंय त्यातलं?’ असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर गोव्यानं दिलेलं आहे. तिथं ‘संगथ’ या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं आणि आरोग्य केंद्रांत बसवलं. उदासी आणि चिंतेनं पिचलेल्या रुग्णांशी त्यांनी बोलायचं, पाठपुरावा ठेवायचा, गरज पडली तर तज्ज्ञाकडं पाठवायचं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना गुण आला होता. खासगी दवाखान्यांत तेवढा फरक दिसला नाही, हेही त्याच अहवालात आहे.

याचा अर्थ वॉचमननं उपचार करावेत असा नाही. त्यानं ओळखावं, जवळ बसावं, आणि पुढं कुणाला फोन करायचा ते त्याला माहीत असावं. एवढंच.

[दृश्य : मोबाइलचा पडदा. आकडे – १४४१६.]

पुढं कुणाला, तर हा नंबर आहे. टेली-मानस. एक चार चार एक सहा. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारनं सुरू केलेली सेवा. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते. मराठीतून बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर डॉक्टरांकडं जोडून देतात. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही हेल्पलाइन तर २०१२ पासून फोनवर ऐकतेय.

तरी मुलं अडतात एका प्रश्नापाशी – घरी कळवतील का?

[दृश्य : पुणे, लॉ कॉलेज रोड. झाडी, मागं टेकडी.]

या रस्त्यावरच्या आयएलएस विधी महाविद्यालयात मानसिक आरोग्याच्या कायद्यावर काम करणारं एक केंद्र आहे. त्याचे प्रमुख डॉ. सौमित्र पाठारे यांचा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या मसुद्याला हातभार लागला. एका कॉलेजच्या आवारात झालेलं हे काम दुसऱ्या कॉलेजांच्या आवारात मात्र फारसं कुणी वाचत नाही. उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क या कायद्यात आहे. अपवाद आहेत, मुख्यतः जिवाला धोका असेल तेव्हाचे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर कमालीचा ताण होता असंच कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार आणि पुनर्वसन द्यायचं.

ही दोन वाक्यं प्रवेशाच्या दिवशीच मुलांना सांगायला हवीत. रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सह्या घेतोच की आपण.

[दृश्य : वसतिगृहाची खोली. दोन कॉट. एका कॉटवर दोघं बसलेले, पाठमोरे.]

आणि रूम पार्टनरनं काय करायचं? विचारायचं. सरळ. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का तुला?’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट विचारणारा भेटला की पुष्कळदा सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. रेक्टरला उठवायचं, रात्र कितीही झालेली असू दे. ‘कुणाला सांगू नको’ अशी शपथ त्यानं घातली असेल, ती मोडायची. राग येईल त्याला. येऊ द्यावा. धोका समोर दिसत असेल तर ११२, नाहीतर थेट सरकारी दवाखाना.

[दृश्य : पुन्हा तोच जिना. परीक्षा विभागासमोर रांग. कॅमेरा वळतो, ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्याकडं.]

जिन्याखालचं दार आता झेरॉक्सच्या कागदांनी भरलंय. समुपदेशक वर बसतात, नियतकालिकांच्या दालनामागं. तिथं जाणारा पेपर वाचायला चाललाय की बोलायला, कुणाला सांगता येत नाही. वेळही बदललीय : रोज, चार ते सात.

खाली गेटवर वॉचमन काकांनी नंबर रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलाय. एक चार चार एक सहा. बॉलपेननं, दोनदा गिरवून.