ओळख पटते ती विझताना: न्यूट्रॉन ताऱ्यावरचे क्ष-किरण स्फोट

[दृश्य: अंजनेरीचा कडा, वर दक्षिणेचं आकाश]

मे महिन्याच्या अखेरीस, रात्री अडीचच्या सुमारास नाशिकहून दक्षिणेकडे पाहिलं, की धनू रास क्षितिजापासून सुमारे ४० अंश वर आलेली असते. तिच्यातला पूर्वाषाढा नक्षत्राचा योगतारा, म्हणजे मुख्य तारा, शोधायचा. त्याच्या आग्नेयेला, एक अंशाच्याही आत, एनजीसी ६६२४ हा गोलाकार तारकागुच्छ आहे. चार इंची दुर्बिणीतून तो धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. शहराच्या उजेडात मात्र त्याचा नाद सोडावा. गंगापूर धरणाच्या पलीकडे गेलेलं बरं.

या गुच्छात ४यू १८२०-३० नावाची एक जोडी आहे. एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या मोठ्या ताऱ्याचा दाबला गेलेला गाभा; दुसरा हीलियमचा श्वेत बटू, म्हणजे लहान ताऱ्याचा उरलेला गाभा. दोघांची एकमेकांभोवतीची फेरी ११.४ मिनिटांत पूर्ण होते. सप्टेंबर १९७५ मध्ये नेदरलँड्सच्या एएनएस उपग्रहाने इथूनच येणारे क्ष-किरणांचे स्फोट टिपले. दुर्बीण कितीही मोठी घेतली, तरी हे क्ष-किरण जमिनीवरून दिसणार नाहीत, वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं.

[दृश्य: नाशिकचा नकाशा, रामकुंड ते अंजनेरी सरळ रेघ]

रामकुंडापासून अंजनेरीच्या डोंगरापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढा. न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास साधारण तेवढाच, २४ किलोमीटरच्या आसपास. वस्तुमान मात्र सूर्याच्या १.४ पट. पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीच्या शंभर अब्ज पटींहून जास्त. जोडीदाराकडून ओढलेला वायू चकतीतून फिरत फिरत इथे आदळतो, तेव्हा प्रत्येक प्रोटॉनमागे सुमारे २०० एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा सुटते. ही झाली नेहमीची चमक. स्फोटाचं कारण वेगळं.

आदळलेला हायड्रोजन आणि हीलियम पृष्ठभागावर साचत जातो. थर काही मीटर जाड झाला, की तळाशी घनता घन सेंटिमीटरला काही लाख ग्रॅम होते आणि तापमान २० कोटी अंशांच्या घरात जातं. तिथे तीन हीलियम केंद्रकं एकत्र येऊन कार्बन बनवणारी अभिक्रिया पेटते. ती तापमानाला कमालीची हळवी आहे: तापमान एक टक्का वाढलं, तर ऊर्जा जवळपास वीस टक्के जास्त निघते. सूर्याच्या गाभ्यात असं झालं असतं, तर गाभा फुगून थंड झाला असता. इथे थर ताऱ्याच्या मानाने इतका पातळ, की फुगला तरी वरच्या वायूचं वजन, म्हणजेच तळाचा दाब, तेवढाच राहतो. आवरायला कोणी नाही. सेकंद-दोन सेकंदांत सगळा थर पेटतो आणि सूर्याला तीनेक दिवस लागतात तेवढी ऊर्जा मिनिटाभरात बाहेर पडते.

४यू १८२०-३० वर येतो तो बहुतेक हीलियमच, म्हणून तिथला स्फोट तुटक, दहा-पंधरा सेकंदांचा. जीएस १८२६-२४ या अशाच दुसऱ्या जोडीत हायड्रोजनही भरपूर असतो. प्रोटॉन शोषलेल्या केंद्रकांना पुढचा प्रोटॉन घेण्याआधी बीटा-क्षयाची, म्हणजे आतल्या एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होण्याची, वाट पाहावी लागते, त्यामुळे स्फोटाचं शेपूट शंभर सेकंदांच्या पुढे लांबतं. हा तारा इतक्या नेमाने स्फोट करायचा, की अभ्यासक त्याला घड्याळच म्हणतात.

[दृश्य: नाशिकमधली संगणकखोली, पडद्यावर प्रकाशवक्र]

आता प्रत्यक्ष काम: उपग्रहाच्या डेटात असे स्फोट शोधायचं. त्यासाठी नाशिक सोडायची गरज नाही. ॲस्ट्रोसॅट हा भारतीय उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला गेला. त्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) बांधलं: झेनॉन वायूचे तीन डिटेक्टर, ३ ते ८० केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी. खुला झालेला डेटा इस्रोच्या संग्रहातून उतरवून घेता येतो.

आधी इव्हेंट फाईल, म्हणजे प्रत्येक फोटॉनची वेळ आणि ऊर्जा यांची यादी, तयार करायची. मग चांगल्या वेळांची यादी: पृथ्वी आड आलेला काळ आणि दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या पट्ट्यातला काळ वगळायचा. नवशिके इथेच फसतात. तारा पृथ्वीच्या कडेमागून बाहेर येतो तेव्हाही आलेख झपकन चढतो आणि स्फोट सापडल्याचा आनंद होतो. हा चढ मग उतरत नाही, एवढं पाहिलं तरी पुरतं.

एक सेकंदाच्या टप्प्यांनी प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलत्या तेजाचा आलेख, काढा, तोही तीन पट्ट्यांत: ३ ते ६, ६ ते १२ आणि १२ ते २० केईव्ही. खरा अणुस्फोट असेल, तर वरच्या ऊर्जेचा पट्टा आधी उतरतो आणि खालचा रेंगाळतो, कारण पृष्ठभाग थंड होत असतो. तिन्ही एकदमच उतरले तर सावध व्हा. रॅपिड बर्स्टर या स्रोतातले बहुतेक स्फोट तसेच असतात; ते चकतीतला माल धक्क्याधक्क्याने पडल्यामुळे होतात. थंडावा हीच खरी कसोटी, बाकीच्या खुणांवर एवढा भरवसा ठेवू नये.

मग गणती दुरुस्त करा. प्रत्येक फोटॉननंतर डिटेक्टर सुमारे ४२ मायक्रोसेकंद बंद असतो. एका डिटेक्टरने सेकंदाला ५,००० फोटॉन नोंदले, तर तो ०.२१ सेकंद आंधळा होता; खरा आकडा ६,३०० च्या आसपास. ही दुरुस्ती राहिली, तर स्फोटाचं शिखर सपाट दिसतं आणि नसलेला शोध लागतो.

कारण खरोखरचं सपाट शिखरही असतं. प्रकाशाचा दाब गुरुत्वाला भारी पडला, की ताऱ्याचं बाह्यावरण फुगतं. अर्ध्या-एक सेकंदाचे वर्णपट काढून त्यांवर कृष्णवस्तूचा (फक्त तापमानामुळे चमकणाऱ्या आदर्श वस्तूचा) वक्र बसवा. तेज स्थिर, तापमान उतरतंय आणि त्रिज्या वाढतेय, असं तिन्ही एकत्र दिसलं तरच तो फुगवटा. मग त्या कमाल तेजावरून ताऱ्याचं अंतर काढता येतं.

त्रिज्येच्या आकड्यावर मात्र लगेच विश्वास नको. वातावरणातल्या विखुरण्यामुळे मोजलेलं तापमान खऱ्यापेक्षा दीडेक पट जास्त येतं, आणि त्रिज्येत ती चूक वर्गाने शिरते: पाच-सहा किलोमीटरचा न्यूट्रॉन तारा आला, तर दोष ताऱ्याचा नाही.

आणखी एक हिशेब, जळलेलं इंधन कोणतं ते ओळखण्याचा. दोन स्फोटांमधली नेहमीच्या चमकेची एकूण ऊर्जा भागिले एका स्फोटाची ऊर्जा. हायड्रोजन मिसळलेला असेल तर ४० च्या आसपास, शुद्ध हीलियम असेल तर शंभरावर. अपेक्षेच्या नेमकं दुप्पट उत्तर आलं, तर मधला एक स्फोट पृथ्वीआड झाला असण्याची शक्यता आधी धरा. ॲस्ट्रोसॅटची फेरी सुमारे ९८ मिनिटांची, आणि प्रत्येक फेरीत बराच वेळ तारा झाकलेला असतो.

[दृश्य: पडद्यावर शक्ती-आलेख, एकच टोकदार शिखर]

शेवटी फिरकी. ज्वाला एका जागी पेटून पसरते, म्हणून ताऱ्याच्या प्रत्येक गिरकीला प्रकाश किंचित कमीजास्त होतो. टप्पा १/४०९६ सेकंदाचा घ्या, खिडकी चार सेकंदांची, आणि ती थोडी थोडी सरकवत फूरिये रूपांतर करा, म्हणजे प्रकाशात कोणत्या वारंवारतेचा ठेका दडला आहे ते गणिताने काढा. ४यू १७२८-३४ मध्ये ३६३ हर्ट्झला, ४यू १६३६-५३६ मध्ये ५८१ हर्ट्झला शिखर येतं. चार सेकंदांत वारंवारतेचा काटा पाव हर्ट्झच्या आत जात नाही, त्यामुळे एकाच स्फोटासाठी पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती टाळली तरी चालतं. वेगवेगळ्या महिन्यांतल्या स्फोटांची सांगड घालून फिरकी बारकाईने ठरवायची असेल, तर सगळ्या वेळा आधी सौरमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेऊन घ्या.