राजा गात नाही

१९ सप्टेंबर २०२२ चा दिवस आठवा, मंडळी. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत एलिझाबेथ राणींच्या अंत्यविधीची प्रार्थना संपत आली होती. 'लास्ट पोस्ट' या बिगुलावरच्या निरोपाच्या धुनेचे सूर विरले, दोन मिनिटं शांतता पाळली गेली आणि मग सगळे 'गॉड सेव्ह द किंग' हे राष्ट्रगीत गाऊ लागले. आपल्यापैकी अनेकांनी ते टीव्हीवर पाहिलं असेल. कॅमेरा राजे चार्ल्स यांच्यावर आला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, ओठ मात्र मिटलेले होते. पुष्कळांना वाटलं, दुःखानं आवाज फुटत नसेल.

दुःख होतंच, पण न गाण्याचं कारण वेगळं होतं. युवराज असताना चार्ल्स हेच गीत सर्वांबरोबर म्हणत. राजा झाल्यावर ते म्हणायचं नसतं. एलिझाबेथ राणीही सत्तर वर्षांच्या कारकिर्दीत हे गीत सुरू झालं की नुसत्या उभ्या राहत. त्या गीतात प्रजा देवाकडे मागणं मागते: आमच्या राजाला सांभाळ, त्याला उदंड आयुष्य दे, त्याला विजयी कर. आपल्याकडे औक्षण करून घेणारा तबक हातात घेऊन स्वतःला ओवाळत नाही, तसंच हे. आपल्यासाठी चाललेलं मागणं राजानं ऐकून घ्यायचं, त्यात आपला सूर मिसळायचा नाही. मला हा शिष्टाचार फार समंजस वाटतो. साऱ्या देशात राष्ट्रगीताच्या वेळी गप्प राहण्याचं बंधन एकाच माणसावर आहे, आणि तो माणूस म्हणजे राजा.

आता हा मान आला कुठून? राजवाड्यातून आला असेल, असं आपण सहज धरून चालतो. तो आला नाटकगृहातून. १७४५ च्या सप्टेंबरात ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड यानं स्कॉटलंडमध्ये प्रेस्टनपॅन्स इथं सरकारी फौजेचा पराभव केला. लंडन धास्तावलं. त्याच महिन्यात ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये खेळ संपल्यावर नटमंडळींनी रंगमंचावर येऊन हे गीत म्हटलं. संगीतयोजना थॉमस आर्न यांची होती. लोकांनी ते उचलून धरलं, इतर नाटकगृहांनीही ते सुरू केलं, आणि राजा करमणुकीच्या जागी आला की या गीतानं त्याचं स्वागत करायचं, असा रिवाज पडला. मूळ कवी कोण, चाल कोणाची, हे आजतागायत पक्कं ठरलेलं नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे गीत राष्ट्रगीत ठरवणारा कायदा ब्रिटनमध्ये कधीच झाला नाही. सगळं चालत आलं ते रिवाजावर.

कायदा नाही म्हणून ढिसाळपणा आहे असं मात्र समजू नका. पाचव्या जॉर्जच्या काळात, १९३३ मध्ये, लष्करानं हे गीत कसं वाजवायचं याचा हुकूम काढला. चाल तीन तीन मात्रांची आहे. पहिल्या भागात सहा आवर्तनं, दुसऱ्यात आठ. पहिला भाग मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, हलक्या आवाजात, मुख्यतः लाकडी सुषिर वाद्यांवर. दुसऱ्या भागाकडे नेणारी छोटीशी सुरावट येते तिथं कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य आणि ताशासारखा साइड ड्रम सामील होतात. मग लय ५२ वर उतरते आणि पितळी वाद्यं पूर्ण आवाजात घुमतात. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा तो सांधा कान देऊन ऐका. ज्यानं हे योजलं त्याला संगीत कळत होतं.

शब्दांच्या बाबतीतही रिवाजानंच चाळणी लावली. बहुतेक वेळा पहिलं कडवं म्हणतात, क्वचित शेवटचंही. शत्रूंचे डाव उधळून लाव, असं सांगणारं मधलं कडवं सहसा गाळतात, आणि ते योग्यच आहे.

मेजवानीच्या वेळचा संकेत आणखी नाजूक. प्रमुख पाहुण्यानं 'टू द किंग' (राणींच्या काळात 'टू द क्वीन') म्हणत पेला उंचावला की वाद्यवृंदानं राष्ट्रगीत सुरू करायचं. ते संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, प्यायचंही नाही. मे २०११ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात अध्यक्ष ओबामांनी राणींचं नाव घेतलं आणि ते क्षणभर थांबले. वादकांना वाटलं, भाषण संपलं. गीत सुरू झालं, ओबामा मात्र त्यावर बोलत राहिले आणि शेवटी त्यांनी पेला राणींकडे वळवला. राणी गीत संपेपर्यंत निश्चल उभ्या होत्या. पाहुण्याचा अवमान होईल असं त्यांनी काही केलं नाही, आणि गीताचा मानही मोडला नाही. दोन्ही एकाच वेळी सांभाळणं सोपं नव्हतं.

रिवाज लोकांनी सुरू केला, तसा लोकांनी सोडूनही दिला. ब्रिटनमध्ये पूर्वी शेवटच्या खेळानंतर सिनेमागृहात राष्ट्रगीत वाजे, आणि ते सुरू होण्याआधी दार गाठायला लोकांची धावपळ उडे. १९६० आणि ७० च्या दशकांत ती पद्धत विरून गेली. लोकांना थांबवण्यासाठी सरकारनं कायदा केला नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटापूर्वी 'जन गण मन' वाजू लागलं, ते सरकारी आदेशानं. मी स्वतः आनंदानं उभा राहतो. तरी आदेशानं आलेला मान आणि आपणहून दिलेला मान यांत मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो.

आणखी एक सांगतो. हे गीत साऱ्या ब्रिटनचं; एकट्या इंग्लंडचं असं अधिकृत गीत नाही. २०१६ मध्ये एका खासदारानं त्यासाठी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. पण राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये इंग्लंडचा संघ वेगळा उतरतो, तिथं काय वाजवायचं? २०१० च्या स्पर्धेआधी हा प्रश्न त्यांनी लोकांसमोर ठेवला, मतं घेतली, आणि 'जेरुसलेम' हे इंग्लिश देशभक्तिगीत निवडून आलं. ती स्पर्धा आपल्या दिल्लीत झाली. इंग्लंडच्या सुवर्णपदक विजेत्यांसाठी तिथं वाजलं ते लोकांनी निवडलेलं हे गीत.