भाव न करणारं गिऱ्हाईक

[पुणे, जुना बाजार. रविवार सकाळ.]

मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने, पक्कड, पितळी समया, बंद पडलेले रेडिओ, चार्जरचे गुंतलेले ढीग.

हे आजोबा बराच वेळ त्या ड्रिल मशीनला चिकटून आहेत. वायर वाकवून पाहिली, चक हातानं फिरवला, कार्बन ब्रश दाखवायला लावले. शेवटी विक्रेत्यानं शेजाऱ्याकडून प्लग आणून मशीन चालवून दाखवलं. आता भाव सुरू झालाय. आठशे सांगितले की तीनशे म्हणायचं. मग चारशे. मग पाठ फिरवायची, आणि मागून हाक येईपर्यंत सावकाश चालायचं.

असं गिऱ्हाईक विकणाऱ्याचं डोकं खातं, पण पैसे बुडवत नाही. मोबाइलवर जाहिरात टाकून घरातली वस्तू विकणारे आपण नेमके अशा माणसावर वैतागतो, आणि जो एका शब्दानंही घासाघीस करत नाही त्याला चांगला माणूस समजतो. इथंच सगळा घोळ होतो.

[सिंहगड रोड. तिसरा मजला. कपाट.]

हे कपाट. अस्सल सागवान, दोन दारं, मधे बेल्जियमचा आरसा, खाली दोन खण. कुलूप अजून पहिलंच आहे. किल्ली फिरताना होणारा हा आवाज ऐका.

ताई निवृत्त शिक्षिका. मोठं घर सोडून लहान घरात जायचं होतं, तिथं कपाट मावणार नव्हतं. भाचीनं फोटो काढून जाहिरात टाकून दिली. किंमत १४,००० रुपये. नाव आणि चेहरा दाखवायचा नाही, एवढीच ताईंची अट होती.

[मोबाइलचा पडदा.]

जाहिरात टाकल्याच्या संध्याकाळपासून आलेले हे निरोप. 'आहे का अजून?' 'शेवटचं किती?' 'पाच हजार देतो, आत्ता टेम्पो पाठवतो.' 'वाळवी लागली होती का कधी?' 'खालच्या खणाचा फोटो टाका.' 'कितव्या मजल्यावर आहे? लिफ्टमध्ये बसेल का?' एकानं तर मागच्या फळीचा फोटो मागितला. कपाट भिंतीपासून ओढल्याशिवाय तो काढता येणार नव्हता. ताईंनी त्याला उत्तरच दिलं नाही.

आणि मग हा निरोप. 'मॅडमजी, अलमारी पसंद है. फाइनल कर दीजिए.'

किमतीबद्दल एक अक्षर नाही. उंची किती, रुंदी किती, विचारलं नाही. सागवानी कपाट विकत घेणारा माणूस ते कितव्या मजल्यावर आहे हेसुद्धा विचारत नाही. हा चौदा हजारांच्या वस्तूचा गिऱ्हाईक असूच शकत नाही. त्याला कपाट नकोच होतं.

त्यानं सांगितलं की तो सैन्यात आहे, देहूरोडला पोस्टिंग आहे, स्वतः येता येणार नाही, कपाट न्यायला युनिटची गाडी येईल. पाठोपाठ तीन फोटो आले: गणवेशातला माणूस, ओळखपत्र, कँटीन कार्ड. फोटो खऱ्या जवानाचे असू शकतात, पाठवणारा तो जवान नसतो. अशी कार्डं एकाकडून घेऊन दुसऱ्याला दाखवली जातात. म्हणूनच समोरच्यानं 'विश्वासासाठी' मागितलं तरी आपलं आधार कार्ड त्याला पाठवायचं नाही. उद्या ते तिसऱ्याला दाखवलं जाईल.

गणवेश निवडण्यामागे हिशेब आहे. एक तर विश्वास आयता मिळतो. दुसरं म्हणजे वस्तू बघायला का येत नाही, व्हिडिओ कॉलवर का येत नाही, आवाजात घाई का, या सगळ्याला तयार उत्तर मिळतं: ड्युटी.

[भिंतीवरचा फोटो.]

हे ताईंचे वडील. मराठा लाइट इन्फंट्री.

[पडद्यावर क्यूआर कोड.]

आता हा चौकोन नीट बघा. क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. आपल्याकडे तो पैशांसाठी घरोघर पोचला तो यूपीआयमुळे. यूपीआयची सुरुवात मुंबईत ११ एप्रिल २०१६ रोजी झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांनी २,००० कोटींचा आकडा ओलांडला. एवढ्या वेगानं पसरलेली गोष्ट वापरायला सगळे शिकले, पण ती आतून कशी चालते हे कुणी बसून समजावलं नाही. ते काम आपण इथं करू.

कोडच्या पोटात फक्त मजकूर असतो. कुणाला पैसे द्यायचे त्याचा यूपीआय पत्ता, त्याचं नाव, आणि ठरवून घातली असेल तर रक्कम. बस. कोड पाठवणारा हा घेणारा असतो आणि स्कॅन करणारा देणारा. याच्या उलट चालणारा कोड नाही. सैन्यासाठी वेगळा नाही, कंपनीच्या खात्यासाठी वेगळा नाही.

पुढचा टप्पा पिनचा. तुम्ही पिन टाकता तेव्हा तो तुमच्या बँकेपर्यंत जातो. तुमची बँक तो तपासते, तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते, आणि मग समोरच्याच्या बँकेत ती जमा होते. जमा करणाऱ्या बाजूला पिनचं काहीच काम नाही. पैसे घ्यायचे असतील तर आपला यूपीआय पत्ता किंवा मोबाइल नंबर दिला की संपलं. त्यानंतर आपण हातसुद्धा हलवायचा नसतो. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' हे वाक्य जो बोलेल, त्याच्याशी बोलणं तिथंच तोडायचं.

मग शिकलेली, बँकेची कामं स्वतः करणारी बाई फसते कशी? याचं उत्तर या दहा रुपयांत आहे.

[पडदा. खात्याचा उतारा.]

त्यानं सांगितलं, 'आमच्या अकाउंटची पद्धत उलटी आहे. आधी पाच रुपयांचा कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, दुप्पट परत येतील.' ताईंनी पाच रुपये पाठवले. लगेच दहा आले. हे दहा त्यानं त्याच्या खात्यातून हातानं पाठवले होते. पण ताईंच्या डोळ्यांसमोर पद्धत सिद्ध झाली. त्याच्या बोलण्याला आता बँकेच्या एसएमएसची साक्ष होती, आणि तो एसएमएस खरा होता.

पुढचा कोड १४,००० चा. तो स्कॅन झाला, पिन टाकला गेला, रक्कम गेली. फोन चालूच होता. तो म्हणाला, 'मॅडमजी, सर्व्हर अटक गया, एक बार और कर दीजिए, दोनों साथ में आएंगे.' या वेळी समोरच्याला विचार करायला जागा द्यायचीच नाही, अखंड बोलत राहायचं, हा त्यांच्या कामाचा भाग असतो. फोन कानाला असताना माणूस खात्यातली शिल्लक बघत नाही.

ताईंचे २८,००० रुपये गेले.

[ताई, पाठमोऱ्या. खिडकी.]

'लोभाला बळी पडू नका' असं फसवणुकीच्या प्रत्येक भित्तीपत्रकावर लिहिलेलं असतं. इथं लोभ कुठे होता? ताईंनी लॉटरी मागितली नव्हती, व्याज मागितलं नव्हतं. स्वतःच्या कपाटाची स्वतः ठरवलेली किंमत मागितली होती. तरी घरातले पहिलं वाक्य बोलले ते हेच: 'तुला कळलं कसं नाही?' या वाक्यामुळे लोक तक्रार करायला उशीर करतात, आणि उशीर झाला की पैसे हाताला लागत नाहीत. गेलेली रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवली जाते आणि एटीएममधून काढली जाते. खाती भाड्यानं घेतलेल्या भलत्याच माणसांची असतात.

यामागे एकटादुकटा माणूस नसतो. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणातल्या नूह जिल्ह्यात सुमारे ५,००० पोलिसांनी १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले, तेव्हा देशभरातल्या सुमारे २८,००० लोकांची फसवणूक झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची यूपीआयमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद करण्यात आली. एक वाट बुजली. कोडची वाट अजून उघडी आहे.

[जिना. जोडपं वर येताना.]

आणि हे कपाटाचं खरं गिऱ्हाईक. मागच्या फळीचा फोटो मागणारा तोच मुलगा, बायकोला घेऊन आलाय. टेप लावून उंची मोजली. बोटानं ठोकून पाहिलं. दार तीनदा उघडलं, मिटलं. खण बाहेर काढून उलटा केला. ताईंनी आज भाचीला आणि शेजारच्या वहिनींना बोलावून घेतलंय, दिवसाउजेडीची वेळ दिलीय, आणि कपाट आतल्या खोलीतून ओढून दारापाशी आणून ठेवलंय. अनोळखी माणूस घरभर फिरायला नको. लहान वस्तू असेल तर सोसायटीच्या गेटवर किंवा गजबजलेल्या चौकात भेटावं.

दहा हजार म्हणाला. ताई तेरावर अडल्या. बाराला जमलं.

पैसे देतानाचं हे दृश्य मुद्दाम पूर्ण ठेवलंय. त्यानं ताईंचा मोबाइल नंबर टाकला, पडद्यावर आलेलं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पैसे पाठवले. मग 'पेमेंट सक्सेसफुल'चा पडदा ताईंसमोर धरला. ताईंनी तो पाहिला नाही. असा हुबेहूब पडदा दाखवणारी बनावट ॲप आहेत, म्हणून त्याच्या फोनवरचं काहीही पुरावा नसतं. ताईंनी स्वतःच्या फोनवर स्वतःच्या बँकेचं ॲप उघडलं आणि शिल्लक वाढलेली बघितली. एसएमएसवरही थांबल्या नाहीत, कारण दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला 'बँकेचा' एसएमएस कुणीही लिहू शकतो. 'चुकून दोन हजारांऐवजी वीस हजार गेले, अठरा परत करा' ही विनवणी याच खोट्या एसएमएसवर उभी असते. मुलगा शांतपणे थांबला होता. खऱ्या गिऱ्हाइकाला या तपासणीचा राग येत नाही.

दुचाकी विकणाऱ्यांसाठी इतकंच: चाचणीला किल्ली देताना स्वतः मागे बसा, आणि पैसे मिळाले तरी आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. कागदावर मालक तुम्हीच असता.

[पाटी: १९३०.]

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन. घरात कुणाला सांगायचं याचा विचार करण्याआधी हा फोन. जवळ ठेवायचं ते असं: आपल्या बँकेचं नाव, व्यवहाराची तारीख आणि वेळ, रक्कम, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, जो ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. समोरच्याचा नंबर आणि सगळं संभाषण तसंच ठेवा, रागानं पुसून टाकू नका. तिथून तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि रक्कम जिथपर्यंत पोचली असेल त्या खात्यात ती रोखून धरायचा प्रयत्न सुरू होतो. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची.

पैसे गेले नसतील, तुम्ही वेळीच ओळखून फोन ठेवला असेल, तरीही एक काम उरतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर मार्च २०२४ पासून 'चक्षु' नावाची सोय आहे. संशयास्पद फोन आणि निरोप तिथं कळवता येतात. विक्रीच्या ॲपमध्येही त्या खात्याची तक्रार करण्याचं बटण असतं. दोन्ही करा. तुम्ही नाही म्हटल्यावर त्यानं लगेच पुढची जाहिरात उघडलेली असते, आणि त्या जाहिरातीखाली नंबर दुसऱ्या कुणाचा तरी असतो.