बीसी ५४७ आणि गेनचा भरवसा

(लातूरमध्ये आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे शहर. इथं टाकी उतू गेलेली कुणाला खपत नाही. त्यामुळं टाकी भरली की मोटर बंद करणारं सर्किट तुमच्यातले बरेच जण करणार आणि त्यात बहुधा बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर लावणार. त्याची कुवत ४५ व्होल्ट, १०० मिलीअँप आणि अर्धा वॅट. मोटर त्याला झेपायची नाही. तो रिले, म्हणजे कॉइलमधून करंट गेला की चालणारा स्विच, ओढतो आणि रिले मोटरच्या स्टार्टरला सांगतो.

आता हिशेब मांडू. रिलेची कॉइल १२ व्होल्टची, ४०० ओहमची. म्हणजे ३० मिलीअँप हवेत. प्रोग्रॅम चालवणाऱ्या कंट्रोलर चिपची पिन ३.३ व्होल्टची. ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर बेस-एमिटरमधले ०.७ व्होल्ट वजा जाऊन करंट मिळतो जेमतेम ०.२६ मिलीअँप. या बेस करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जाऊ शकतो, तो गेन. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ए गटाचा गेन ११० ते २२०, बी २०० ते ४५०, सी ४२० ते ८००. हातात सी आला तर रिले टकाटक ओढतो. ११० गेनचा ए आला तर २९ मिलीअँपच्या आतच अडकतो, आणि रिले कधी ओढेल, कधी नाही. मग पोरं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात! दुकानदार पुडीत कोणता गट टाकेल याचा नेम नाही.

म्हणून स्विचिंगला गेन सरळ १० धरा. ३० मिलीअँपसाठी बेसला ३ मिलीअँप, म्हणजे ८२० ओहमचा रेझिस्टर. ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट होतो, म्हणजे पुरता उघडतो, कलेक्टर-एमिटरमध्ये फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट उरतो, आणि तो तापतही नाही. कॉइलवर उलटा डायोड हवाच. ते तुम्हाला इथं शिकवलेलं आहे.

तापण्यावरून आठवलं. तो अर्धा वॅट भोवतालचं तापमान २५ अंश असतानाचा. पुढं दर अंशाला ४ मिलीवॅट कमी करायचे. मे महिन्यात बोअरजवळच्या पत्र्याच्या पेटीत ६० अंश धरले, तर उरतात ३६० मिलीवॅट. आपल्याकडं डेटाशीटचा हा तक्ता आधी उघडावा, असं माझं मत.

अँप्लिफायरमध्येही गेनच्या नादी लागू नका. कलेक्टरला ४.७ किलोओहम आणि एमिटरला कपॅसिटरनं बायपास न केलेला ४७० ओहम लावला, की व्होल्टेज गेन, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज किती पट होतं तो आकडा, दहाच्या जवळपास येतो, मग गट कोणताही असो. मात्र बेसला दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरमधून व्होल्टेज द्या. सप्लायवरून एकच मोठा रेझिस्टर टाकून ए गटावर बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट, जुळवला असेल, तर त्या जागी सी लावताच ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये जाऊन बसतो आणि आवाज फाटतो.