चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर: घरच्या कामाला पुरतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार खाली उतरलंय, खिडकीच्या डासांच्या जाळीची पट्टी सुटलीय, ड्रॉवर ओढला की मूठच हातात येते. अशी दोन-चार कामं घरोघरी महिनोन्महिने लोंबकळत असतात. चार स्क्रूंसाठी सुतार येत नाहीत, आणि त्यांनी यावं तरी का? येण्याजाण्यातच त्यांचा अर्धा दिवस मोडतो. मग कुणीतरी सुचवतं, हजार-दोन हजारांत चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर मिळतो, घेऊन टाका. तो घ्यावा का, याविषयी आज बोलायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. घ्यावा, पण ड्रिल समजून घेऊ नये. तो तुमच्या मनगटाचं काम करतो, एवढं धरून चाललात तर पैसे वाया जाणार नाहीत.

त्याची ताकद किती ते बघू. खोक्यावर बहुतेक वेळा ३.६ व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे आत लिथियमचा एकच सेल. पिळण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो, स्वस्त यंत्रांत साधारण ३ ते ५. एक मीटर लांबीची काठी आडवी धरून तिच्या टोकाला अर्धा किलो वजन टांगलं, तर धरलेल्या जागी जो पीळ बसतो तो जवळपास ५ न्यूटन-मीटर. साधा स्क्रू ड्रायव्हर मुठीत घट्ट धरून आपण जोर लावतो, तेव्हा आपलाही जोर साधारण तेवढाच लागतो. बॅटरीवर चालणाऱ्या बऱ्या ड्रिलचा जोर याच्या पाच-सहा पट असतो. त्यामुळे जो स्क्रू तुम्ही हाताने, दात-ओठ न खाता फिरवू शकता, तो हे यंत्र फिरवेल. जिथे हात हरतो, तिथे तेही हरेल.

मग फायदा काय? फायदा फेऱ्यांमध्ये आहे. आठ नंबरच्या एक इंची लाकडी स्क्रूला चौदा-पंधरा आटे असतात. तो पूर्ण आत जायला तेवढेच फेरे लागतात, आणि मनगट एका झटक्यात फार तर अर्धा फेरा देतं. म्हणजे एका स्क्रूला तीसेक झटके. खोक्यातून सुटे भाग येतात तसं पुस्तकांचं कपाट जोडायला घेतलं आणि त्यात चोवीस स्क्रू निघाले, तर झटके सातशेच्या वर जातात. मिनिटाला दोनशे फेऱ्यांचं यंत्र तोच स्क्रू चार-पाच सेकंदांत बसवतं. ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडली आहेत, ज्यांचं मनगट पूर्वी मोडून गेलंय, त्यांना हा फरक सगळ्यांत जास्त कळतो. वयस्कर माणसांना स्वतःच्या घरातलं ढिलं झालेलं दार स्वतः नीट करता यावं, याचं मोल मला फार वाटतं. त्यांच्यासाठी घेत असाल तर पिस्तुलासारखा वाकणारा दांडा बघा. सरळ दांड्यापेक्षा तो धरताना मनगट कमी मुरडतं.

आता त्या उतरलेल्या दाराकडे येऊ, कारण यंत्र कधी चालवायचं आणि कधी बाजूला ठेवायचं हे तिथे नीट कळतं. हल्लीच्या स्वयंपाकघरात आतून बसणारी, आपोआप मिटणारी बिजागरी असते. दुकानात तिला ऑटो हिंज म्हणतात. तिच्या दांडीवर दोन स्क्रू दिसतात. दाराकडचा स्क्रू फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, मागचा फिरवला की आत-बाहेर. वर-खाली करायला कपाटाच्या बाजूला बसलेल्या पट्टीचे स्क्रू सैल करावे लागतात. हे सगळे पाव-पाव फेऱ्याचे खेळ आहेत, ते हातानेच करायचे. इथे मोटर लावली की दार सरकून शेजारच्या दारावर आदळतं.

बऱ्याचदा मात्र बिजागरी ठीक असते आणि तिच्या स्क्रूंनी पकड सोडलेली असते. स्वस्त कपाटं पार्टिकल बोर्डची असतात. लाकडाचा भुगा नि चुरा गोंदात कालवून दाबलेला तो बोर्ड, त्यात स्क्रूने पाडलेले आटे नाजूक असतात. स्क्रू टेकल्यावरही मोटर फिरत राहिली तर आटे कातले जातात आणि स्क्रू नुसता गरगरतो. असं झालं तर स्क्रू काढा, गूल मोडून टाकलेल्या काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, रात्रभर सुकू द्या, वर आलेलं टोक ब्लेडने कापा आणि स्क्रू परत बसवा. बसवतानाही आधी हाताने. आणि जुनं भोक शाबूत असेल तर स्क्रू त्यात ठेवून आधी उलटा, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने, हळूहळू फिरवा. एका जागी बोटाला बारीकशी टिक् जाणवते. स्क्रू जुन्या आट्यांच्या तोंडाशी आला. आता सुलटा फिरवा, तो जुन्याच वाटेने आत जाईल, नवे आटे पाडणार नाही. हे बोटांना कळतं, मोटरला कळत नाही. स्क्रू वाटेला लागला की मग यंत्राने मधले फेरे घ्यावेत आणि शेवटचा अर्धा फेरा पुन्हा हाताने.

म्हणूनच दुकानात मी पहिल्यांदा हे बघते, की बटण सोडल्यावर फिरणारा पुढचा दांडा, ज्यात स्क्रू फिरवायचं टोक बसतं, तो जागीच अडकतो का. अडकत असेल तर तेच यंत्र साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखं पिळता येतं. दांडा सैल फिरत असेल तर ते परत ठेवून द्या, कितीही स्वस्त असो. जोर कमी-जास्त करायची, आकडे असलेली कडी मिळाली तर उत्तमच. ठरावीक जोराला ती कटकट करून सुटते आणि स्क्रू जास्त आवळला जात नाही. स्विचबोर्डाची प्लॅस्टिकची पाटी तडकण्यापासून वाचते ती अशानेच.

खोक्यात चाळीस-पन्नास बिट, म्हणजे पुढे बसवायची सुटी टोकं, दिले आहेत म्हणून भुलू नका. घरात खरे लागतात तीन-चार, आणि त्यातला स्टारचा दोन नंबर सगळ्यांत जास्त. आपण ज्याला स्टार म्हणतो तो फिलिप्स. अमेरिकेत १९३०च्या दशकात मोटारीच्या कारखान्यांत तो रुळला. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट वर चढून बाहेर येऊ बघतो. तो घसरला की स्क्रूचं डोकं खरवडलं जातं, आणि दोनदा घसरला की तो स्क्रू काढणं दिव्य होतं. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा प्रकार आहे पॉझिड्राइव्ह. मोठ्या फुलीच्या मधे चार बारीक रेघा दिसल्या की तो ओळखावा. बिजागऱ्यांच्या नि तयार फर्निचरच्या स्क्रूंना पुष्कळदा तोच असतो, आपण त्यात फिलिप्सचा बिट खुपसतो आणि यंत्राला दोष देतो. दोन्हींचे दोन नंबरचे चांगले बिट वेगळे विकत घ्या. यंत्र स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत धरून मागून दाबा. निम्मं काम या दाबण्यावर असतं.

आता याला न झेपणारी कामं. भिंतीत भोक पाडणं अजिबात नाही. पडद्याचा रॉड, घड्याळ, गीझर यांना ठोकणारी ड्रिल मशीन लागते. सागवानी चौकटीत तीन इंची स्क्रू, तेही नाही. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं गंजून बसलेला स्क्रू यंत्राने सोडवायला जाऊ नका. त्यावर गंज सोडवणारं तेल मारून थांबा, मग जाड मुठीच्या साध्या स्क्रू ड्रायव्हरने प्रयत्न करा. यंत्र अडकून घुमायला लागलं की बटण लगेच सोडायचं. अडकलेल्या मोटरमधून सगळ्यांत जास्त करंट जातो आणि ती तापून जळते. कठीण लाकडात आधी गिरमिटाने किंवा अडीच-तीन मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. एवढं केलं की एक-दीड इंची स्क्रू हे यंत्र निमूट बसवतं.

विजेच्या कामाबद्दल कळकळीने सांगते. हा स्क्रू ड्रायव्हर म्हणजे टेस्टर नव्हे, आणि याचा बिट उघडं लोखंड आहे. स्विचबोर्ड उघडण्याआधी मेन बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही त्याच्या लाइनवरचे दिवे-पंखे चालू राहतात, म्हणजे बोर्डात वीज असते. इन्व्हर्टरही बंद करा, मग टेस्टरने तपासा, मगच हात घाला. मनात शंका असेल तर वायरमनला बोलवा.

बॅटरी लिथियम आयनचीच घ्या. निकेल-कॅडमियमची जुनी यंत्रं अजून कुठे कुठे स्वस्तात दिसतात. ती खणात पडल्या पडल्या उतरतात, आणि गणपतीत मखर जोडायला काढावी तर मेलेली निघतात. लिथियमचं यंत्र महिनोन्महिने चार्ज धरून राहतं. ठेवताना निम्मी चार्ज करून ठेवा, पूर्ण उतरलेली तशीच टाकू नका, मे महिन्यात बंद गाडीत विसरू नका. मोबाइलच्या सी-टाइप वायरने चार्ज होणारं घेतलं तर वेगळा चार्जर हरवायची भीती नाही. बॅटरीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.

स्वस्त यंत्रांत हा सेल बहुधा बदलता येत नाही. तो संपला की यंत्रच संपतं. तेव्हा ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर लिथियमचा सेल पेट घेऊ शकतो, आणि त्या गाडीवर माणसं काम करत असतात. जुने मोबाइल आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या ई-कचरा केंद्रात ते द्या, तोवर सेलला धक्का न लावता कोरड्या जागी ठेवा.

नमस्कार.